मुरुड : सरहद्दीच्या वाटेवरचे गाव

लातूर शहर मागे टाकून बार्शीच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशास, काळ्याभोर जमिनीवर दूरवर पसरलेली सोयाबीन-तुरीची शिवारे आणि मधूनमधून विहिरींच्या आधाराने उभे असलेले उसाचे फड ओलांडल्यानंतर जे मोठे बाजारगाव लागते, ते मुरुड. औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी पाहण्यासाठी जिल्ह्यात आलेला पर्यटक येथे सहसा थांबत नाही, आणि समुद्रकाठच्या मुरुडची कीर्ती एवढी मोठी, की या गावाच्या माणसाला आपला पत्ता सांगताना 'लातूरकडचे मुरुड' असा खुलासा करावा लागतो. तथापि मराठवाड्याचा अर्वाचीन इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याने येथे अवश्य उतरावे. कारण मुरुडहून ढोकी, ढोकीहून येडशी, येडशीजवळच्या रामलिंगाच्या वनातून घाट उतरून पांगरी आणि तेथून बार्शी, असा जो मार्ग आज एकाच राज्याच्या दोन बाजारपेठा जोडतो, तो पाऊण शतकापूर्वी दोन भिन्न हुकूमतींच्या मुलखांतून जात होता.

या मार्गावर लोहमार्ग आला तो बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पकतेतून अडीच फूट रुंदीचा हा चिमुकला मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत पोहोचला, आणि पुढे निजामाच्या मुलखात शिरून १९११ मध्ये लातूरला येऊन थांबला. लातूरची बाजारपेठ त्यामुळे मुंबईला जोडली गेली. अरुंद रुळांची ती गाडी या शतकाच्या पहिल्या दशकात इतिहासजमा झाली; आता मुरुडच्या स्थानकावरून रुंद मार्गावरच्या गाड्या धावतात, आणि त्यांतील प्रवाशाला जुनी सरहद्द केव्हा ओलांडली गेली याचा पत्ताही लागत नाही.

ती सरहद्द मात्र एके काळी चांगलीच जाणवत असे. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते; पलीकडची बार्शी ब्रिटिश मुलखात. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. संस्थानचा सिक्का निराळा, टपाल निराळे आणि जकातीचे करोडगिरी खातेही निराळे. करोडगिरीच्या नाक्यावर माल दाखवावा, जकात भरावी, पावती घ्यावी आणि मगच पुढे जावे, असा दस्तूर होता. पलीकडची माणसे या प्रदेशाला मोगलाई म्हणत. दोन्ही बाजूंची भाषा एक, पंढरीची वारी एक, सोयरिका एकमेकांत. आणि सीमारेषा एवढी वेडीवाकडी, की सोलापूरहून बार्शीला जाणाऱ्या रस्त्यावरचे नान्नज हे गावसुद्धा निजामाच्या ताब्यात होते. जुलै १९४८ मध्ये तेथे भारतीय लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा लष्कराने ते गाव ताब्यात घेतले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारल्याने मुरुडला स्वातंत्र्य मिळाले नाही. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. लढ्याची सूत्रे संस्थानाबाहेरून हलविण्यासाठी दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखाली कृती समिती नेमली गेली, आणि सरहद्दीच्या पलीकडे, स्वतंत्र भारताच्या भूमीवर, सशस्त्र प्रतिकाराची शिबिरे उभी राहिली. दुसरीकडे निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या टोळ्यांनी खेड्यापाड्यांत दहशत बसविली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा इसम. तेव्हा या भागाला त्या दहशतीची झळ किती जवळून लागली असेल याची कल्पना करता येते. उस्मानाबाद जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे घरदार आणि उभी पिके सोडून बार्शी व सोलापूरच्या आश्रयाला गेली. ज्याचा आप्त पलीकडे होता तो आप्ताकडे, ज्याचा अडत्या होता तो अडत्याकडे, आणि ज्याचे कोणीच नव्हते तो मिळेल त्या छपराखाली राहिला. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जीव वाचविण्यासाठी गेलेल्या माणसाला आज जगभर शरणार्थी म्हणतात. मराठवाड्याने ही अवस्था स्वतः भोगलेली आहे.

अशा वेळी सत्तेचा पैसा कोठे जातो आणि माणुसकीचा कोठून येतो, हे पाहण्यासारखे आहे. भारताशी 'जैसे थे' करार झाल्यानंतर निजाम सरकारने २० कोटी रुपयांचे कर्जरोखे पाकिस्तानला दिले, आणि कराचीहून विमानाने चोरून शस्त्रे आणविली. इकडे प्रतिकाराचा खजिना रिकामा होता. नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी क्रांतिकारकांनी घातलेला धाडसी छापा हा त्याच निकडीतून घडला. आश्रितांच्या पोटापाण्याचा भार मात्र मुख्यतः पलीकडच्या घरांच्या चुलींनी उचलला. काळ बदलला तरी हे प्रमाण फारसे बदललेले दिसत नाही. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मिळावेत म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांनी हट्ट धरला, आणि त्या वादात डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तेथील केंद्र सरकारचे कामकाज अंशतः खोळंबले. त्याच सीमेवर पोहोचलेल्या निराधारांना अन्न, वस्त्र आणि रात्रीपुरता निवारा देण्याचे काम मात्र बव्हंशी चर्च व स्वयंसेवी संस्था आपापल्या वर्गणीतून करीत राहिल्या. राज्याने आपल्या सीमांचे रक्षण करावे हे योग्यच होय. परंतु कुंपणाची तरतूद आधी आणि कुंपणाशी आलेल्या माणसाची विचारपूस नंतर, हा क्रम ज्याने कधी घर सोडले आहे त्याला तरी पटू नये.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. गेलेली कुटुंबे परतू लागली. येथे कथा संपवण्याचा मोह होतो, आणि बहुधा ती येथेच संपवली जाते. पण प्रामाणिक माणसाने आणखी एक पान उलटले पाहिजे. विजयानंतरच्या आठवड्यांत, ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशा असंख्य मुसलमान शेतकऱ्यांवर, कारागिरांवर आणि त्यांच्या बायकामुलांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या मंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानभर दौरा केला आणि मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज दिला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे होते. तो अहवाल दीर्घकाळ दप्तरातच राहिला. त्याच अहवालात एक अत्यंत मोलाची नोंद आहे : अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले, आणि त्यापायी स्वतःचे प्राणही वेचले. एकाच धंद्यात, एकमेकांच्या शेजारी माग चालविणाऱ्या माणसांनी जमावापुढे उभे राहून जो आश्रय दिला, त्याला कोणत्याही खजिन्याची मंजुरी नव्हती. सप्टेंबरपूर्वी बार्शीत उघडलेली दारे आणि सप्टेंबरनंतर या विणकरांनी उघडलेली दारे, ही दोन्ही एकाच पुण्याईची आहेत, आणि पहिल्या दारांचा अभिमान बाळगणाऱ्याने दुसऱ्या दारांविषयी मौन पाळणे हा अन्याय होय.

छायाचित्रांनी या इतिहासाचा कोणता भाग जपला? फेब्रुवारी १९४९ मध्ये बेगमपेठच्या विमानतळावर सरदार पटेलांसमोर हात जोडून उभा असलेला निजाम सर्वांनी पाहिला आहे. ते चित्र एका राजवटीचा अस्त एका दृष्टिक्षेपात सांगते. पण येडशीचा घाट उतरणाऱ्या बैलगाडीतली आजी, अथवा अंधारात शेजाऱ्याच्या माळ्यावर लपलेले पोर त्यात नाही. त्याच दशकात, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्या छावणीतल्या शाळा, सणवार आणि मुलांचे घोळके यांची छायाचित्रे त्यांनी जन्मभर सांभाळली, आणि म्हणूनच आज त्यांची नातवंडे आजोबांचे बालपण शोधत कोल्हापूरला येतात. चित्राचे सामर्थ्य किती, हे २०१८ च्या जून महिन्यात टेक्ससच्या सीमेवर जॉन मूर यांनी टिपलेल्या छायाचित्राने दाखवून दिले : रात्रीची वेळ, आईची झडती घेणारे सीमारक्षकाचे हात, आणि तिच्या पायाशी उभे राहून वर पाहत आकांत करणारी गुलाबी सदऱ्यातली होंडुरासची दोन वर्षांची मुलगी. भिंतीच्या खर्चाचे आकडे वाचून जे हलले नव्हते, ते या एका चेहऱ्याने हलले. पुढे असे निष्पन्न झाले, की ही मुलगी आईपासून तोडली गेली नव्हती. म्हणजे छायाचित्र हृदय जागे करते, पण त्यापुढची हकीकत माणसांना विचारूनच घ्यावी लागते.

हीच विचारपूस मुरुडने आता केली पाहिजे. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. मुरुड, ढोकी, येडशी आणि बार्शी येथील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना वही आणि मोबाइल देऊन या वृद्धांकडे पाठवावे. कोण कोठून निघाले, कोणाच्या घरी उतरले, कोणी कोणाला लपविले, हे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ट्रंकेच्या तळाशी पडलेली जुनी छायाचित्रे, परवाने, पावत्या यांच्या प्रती कराव्यात, आणि मुरुडच्या रेल्वेस्थानकावर किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात त्या कायमच्या लावाव्यात. दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर हुतात्म्यांच्या नावांबरोबर, आश्रय देणाऱ्या घरांची नावेही धर्म न पाहता वाचली जावीत. यासाठी कोट्यवधींच्या तरतुदीची गरज नाही. येथवरचा लोहमार्ग आहे, शाळा आहेत, आठवणी सांगणारी काही माणसे अजून आहेत; मुरुडने एवढे केले, तर औसा-खरोशाला निघालेला प्रवासी उद्या वाट वाकडी करून येथेही उतरेल, आणि जाताना आपल्या गावच्या वेशीवर आलेल्या परक्या माणसाला काय विचारावे हे शिकून जाईल.