थकले म्हणजे नेमकं काय?

जुलैत सकाळी अकराच्या सुमारास अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावात शिरलं की गल्ल्या सामसूम असतात. रोवणी चालू असते. सत्तरीतल्या बायाही पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन बांधीत वाकलेल्या. वृद्धांच्या दुर्बलतेच्या पाहणीसाठी आशाताईंबरोबर घरोघर फिरताना दारात भेटतात ते बांधीपर्यंत जाऊ न शकणारे. तेवढ्यांनाच मोजलं तर अख्खं गाव दुर्बल ठरेल. उपकेंद्रात बोलावलं तर चालू शकणारे येतात आणि ज्यांच्यासाठी ही पाहणी, ते खाटेवरच राहतात. म्हणून आम्ही आता दिवेलागणीलाही जातो आणि कोण भेटलं नाही, तेही लिहून ठेवतो.

२००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी दुर्बलतेच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात काही न करता साडेचार किलो वजन घटणं, थकवा, मंद चाल, मुठीचा कमी जोर आणि कमी हालचाल. तीन जुळल्या तर माणूस दुर्बल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्याला नीट खाणं आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम मिळाला तर तो परत फिरू शकतो. माझी सगळी धडपड त्याच्यासाठी आहे.

पण या खुणांचे प्रश्न इथे आणताना फार जपावं लागतं. वर्षभरात वजन किती उतरलं, असं विचारल्यावर एक बाबाजी म्हणाले, "काट्यावर धान चढते जी, माणूस नाही." तेव्हापासून मी बायांना बांगड्यांचं विचारते: गेल्या वर्षीची बांगडी आता कोपराकडे सरकते का? हालचालीच्या मूळ यादीत गोल्फ आहे, टेनिस आहे. बांधी नाही, मोहफुलं वेचणं नाही. सगळ्यात अवघड थकव्याचा प्रश्न. आपल्याकडे 'बाबा आता थकले' म्हणजे दमले नव्हे, म्हातारे झाले. त्यामुळे "थकवा येतो का?" या प्रश्नाला वयच उत्तर म्हणून मिळतं. मग फोड करून विचारायचं: गेल्या आठवड्यात किती दिवस उठून कामाला लागणंच जड गेलं?

एका आजीपाशी मी बराच वेळ बसले. जन्मसाल माहीत नाही; १९५६ च्या दीक्षेला आईच्या कडेवर नागपूरला नेलं होतं, एवढं घरच्यांनी सांगितलेलं. म्हणजे सत्तरीच्या आसपास. अंगणात १५ फूट दोरी टाकली. आजी पदर खोचून चालल्या, भिंतीला हात न लावता; ८ सेकंद. त्यांच्या उंचीला ७ सेकंद लागले तरी चाल मंद धरतात. मग खुर्चीवर बसून, कोपर काटकोनात ठेवून, डायनॅमोमीटर दाबायचा. बोटांचे पेर सुजलेले, नखांच्या कडा मातीने कायमच्या काळवंडलेल्या. तीनदा दाबून काटा १५ किलोच्या पुढे गेला नाही. त्यांच्या अंगकाठीच्या बाईला १७ ची रेषा आहे. ती रेषा अमेरिकेतल्या वृद्धांमधल्या सर्वांत कमजोर पाचव्या हिश्श्यावरून आखलेली. आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी केली, त्यात मुठीचा जोरही मोजला. आपल्या माणसांच्या रेषा अशाच आकड्यांतून आखायला हव्यात. शिवाय आजींचा जोर स्नायूंनी गेला की दुखऱ्या सांध्यांनी, हे काटा सांगत नाही. "दुखते का?" विचारलं तर म्हणाल्या, "दुखते, पण तू लिही."

हे आकडे ऐकून सुनेला आश्चर्य वाटलं. सासूबाई तर घरचं सगळं करतात, पाणीही आणतात.

मी निघेपर्यंत आजी गुंड घेऊन हापशीकडे गेल्याही. परतल्या तेव्हा गुंड अर्धाच भरलेला होता. तो ओतून पुन्हा निघाल्या. पूर्वी एका खेपेत भागायचं.

फॉर्मवर प्रश्न होता: पाणी आणता येतं का? 'हो'वर खूण आधीच केली होती. ती तशीच ठेवून समासात लिहिलं: अर्धा गुंड, दोन खेपा.