पीठ मळताना मनाचं काय होतं?

2020 सालची आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, 26 एप्रिलला होती. एरवी चैत्र सरत आला की अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या सगळ्या पट्ट्यात घरोघरी एकच विषय असतो: लेक कधी येणार आणि मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला कोण जाणार? झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या तळायच्या, आमरसाबरोबर खापरावरचे मांडे करायचे. त्या वर्षी टाळेबंदी होती. एसटी बंद आणि जिल्ह्यांच्या सीमाही बंद. लेकी सासरीच राहिल्या, आणि आयांनी दोन-तीन माणसांपुरतं पुरण शिजवलं.

नेमक्या याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती. ज्या घरांत कधी ओव्हन आला नव्हता, तिथे कुकरची शिट्टी काढून केक भाजले जाऊ लागले. बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनोची पुडी एवढ्यावर भागवलेला तो केक खानदेशातही पोचला. जळगाव जिल्हा केळीचा, त्यामुळे काळी पडू लागलेली केळी कुस्करून त्यांचाही केक झाला. तिकडे युरोप-अमेरिकेत दुकानांतलं यीस्ट आणि मैदा संपत होता. जगभरची माणसं घाबरलेली, एकेकटी, घरात कोंडलेली होती, आणि त्यातली कितीतरी पीठ मळत बसली होती. हा निव्वळ वेळ घालवण्याचा प्रकार होता, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. उदास माणसाचे हात पिठाकडे का वळतात, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बरं वाटतं ते गोड खाल्ल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. साखर पोटात गेली की तरतरी येते, या समजुतीची 2019 मध्ये 31 अभ्यास एकत्र करून तपासणी झाली. मनःस्थिती सुधारल्याचा पुरावा काही सापडला नाही. उलट खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत थकवा वाढल्याचं आणि पहिल्या तासाभरात सावधपणा कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे उपयोग होत असेल तर तो ताटातल्या तुकड्याचा नाही, तो तुकडा तयार होईपर्यंत जे घडतं त्याचा आहे.

मन उतरलं की माणूस काय करतो? आधी बाहेर जाणं टाळतो, मग फोन उचलणं टाळतो, मग आवडीची कामंही बाजूला पडतात. दिवसात आनंदाचे, कौतुकाचे, ‘जमलं बुवा’ असं वाटायचे प्रसंग कमी होत जातात. ते कमी झाले की मन आणखी खचतं आणि माणूस आणखी आत जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी 1970 च्या दशकात नैराश्याकडे या बाजूने पाहिलं. त्यातून पुढे ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन’ नावाची उपचारपद्धती घडली. ‘मन थाऱ्यावर आलं की मग काम करीन’ असं आपण म्हणतो. ही पद्धत क्रम उलटा लावते. आधी एखादं छोटं, ठरवलेलं काम करायचं. करावंसं वाटत नसलं तरी करायचं. मन मागून येतं.

या पद्धतीची एक मोठी कसोटी आपल्या शेजारीच, गोव्यात झाली. ‘संगाथ’ ही संस्था तिथे 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 रुग्णांवर हा प्रयोग केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी ठरल्या होत्या. रुग्णाला काय करायला आवडायचं आणि ते कधी सुटलं, हे बोलायचं, त्यातलं एखादं काम पुढच्या भेटीपर्यंत करून पाहायचं, असा त्या भेटींचा गाभा. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या गटातले 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तिथे कुणाला केक भाजायला सांगितलं नव्हतं, हे खरं. काम कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. पण अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात मानसोपचार म्हणजे दूरच्या शहराची वारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

मग अनेक कामांतून भाजण्याचंच काम का? न्यूझीलंडमध्ये 658 तरुणांनी 13 दिवस रोजनिशी लिहिली. ज्या दिवशी हातून काही नवं घडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साह आणि समाधान जास्त असल्याचं तिच्यातून दिसलं. हे ‘घडवणं’ म्हणजे चित्रकला किंवा कविताच असायला हवी असं नव्हतं. विणकाम, नवा पदार्थ करून पाहणं हेही त्यात होतं. ब्रिटनमध्ये मानसिक आजारासाठी दाखल झालेल्यांना ऑक्युपेशनल थेरपीत बेकिंग करायला देतात. तिथल्या रुग्णांशी बोलून 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या हातून काही नीट होतं, हा विश्वास परत आल्याचं रुग्णांनी सांगितलं होतं.

याचं कारण या कामाच्या घडणीतच आहे. भाजीत मीठ अंदाजाने चालतं. बेकिंगमध्ये मोजावं लागतं, आणि मोजताना डोक्यात फिरणारे तेच ते विचार थोडा वेळ थांबतात, कारण लक्ष वाटीच्या काठावर असतं. मग हात पिठात जातात. भुरभुरीत पिठाचा गोळा होतो आणि तो बोटांना कळतो. पुढे वाट पाहायची. त्या वीस-पंचवीस मिनिटांत आपल्याला काही करता येत नाही आणि कुणी अपेक्षाही करत नाही. उष्णता वाढली की पिठातली प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया सुरू होते, रंग तांबूस होतो, खमंग वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी 1912 मध्ये ती प्रक्रिया मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. पाहणं-ऐकणं यांचे संदेश मेंदूत थॅलॅमस या टप्प्यावरून पुढे जातात. वासाचा संदेश तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. भाजल्याचा वास एकदम कुठल्या तरी जुन्या दुपारी नेऊन सोडतो तो म्हणून. आणि शेवटी जे तयार होतं ते दुसऱ्याला देता येतं. माझ्या मते हे सगळ्यात मोठं. खचलेल्या माणसाला आपण सगळ्यांवर भार आहोत असं वाटत असतं. शेजारच्या दारात बशी घेऊन उभं राहिलं की तेवढ्यापुरता तो हिशेब उलटा होतो.

खानदेशाला हे नवं नाही. मांडे पाहा. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ घ्यायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि तार येईपर्यंत आपटून, ओढून मळायचं. पुरण भरलेली पोळी आधी लाटायची, मग उचलून दोन्ही हातांवर फिरवत वाढवायची. ती कोपरापर्यंत पसरते, इतकी पातळ की आतलं पुरण दिसतं. तशीच ती चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. करणारीचं लक्ष जरा ढळलं की मांडा फाटतो. हे सहसा एकटीचं काम नसतंच. एक पुरण वाटते, एक मांडा हातावर घेते, एक जाळ बघते आणि तोंडं चालू असतात. सासुरवाशिणीचं वर्षभराचं साचलेलं त्या चुलीपुढे बाहेर पडतं. मोजमाप, हातांची हालचाल, आच, वाट पाहणं, सोबत आणि वाटून खाणं हे सारं त्यात आहे. घरं लहान झाली, चुली गेल्या, बिबडे-पापडही विकत मिळू लागले. बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण त्या कष्टांबरोबर ही बैठकही गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जी बाई पहाटेपासून दोन्ही वेळचा स्वयंपाक, डबे, धुणी-भांडी ओढते आहे, तिला ‘केक कर, बरं वाटेल’ असं सांगणं हे दुष्टपणाचं आहे. काम उपचार होतं ते स्वतः निवडलेलं असेल तर. तिच्यासाठी कदाचित स्वयंपाकघराबाहेर तासभर मोकळं बसणं हाच उपाय असेल. पीठ मळायला नवरा आहे, मुलगा आहे. थंडीत शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्टी करणारे, गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या लावणारे आपले पुरुष आचेपुढे तासन् तास रमतात. त्यांनी घरातल्या आचेपुढेही उभं राहावं.

सुरुवात करायची तर नानकटाईपासून. दिवाळीत घरचं तूप-साखर-पीठ डब्यात घालून बेकरीत न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही आठवण मागच्या पिढीतल्या अनेकांना असेल. तुपाऐवजी बेकऱ्यांत मग वनस्पती आलं. शेंगदाण्याच्या या मुलखात, अमळनेरात, 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापली. तीच आजची विप्रो, आणि तिचा पहिला माल वनस्पती तूप. घरी मात्र साजूक तूपच वापरावं.

अर्धी वाटी थिजलेलं तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलकी, पांढरी होईपर्यंत फेसा. त्यात एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे रवा, चिमूट सोडा, वेलची-जायफळ. पाणी अजिबात नाही. तूप पिठाच्या कणांभोवती बसतं आणि गव्हातला चिकटपणा धरू देत नाही, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. त्यासाठीच ती रगडून मळायची नाही, नुसती गोळा करायची. ओव्हन नसला तर जुन्या जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, वर जाळी, वर झाकण. दहा मिनिटं तापू द्या, मग ताटलीत गोळे मांडून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. काढल्याबरोबर त्या मऊ लागतात आणि कच्च्या राहिल्या असं वाटतं. हात लावू नका, निवल्या की घट्ट होतात. अंगात बळ नसेल त्या दिवशी नुसतं पीठ चाळून ठेवलं तरी त्या दिवसाचं काम झालं. तीन थरांचा केक पहिल्याच दिवशी करायला जाऊ नये. तो फसला की उदास माणूस दोष स्वतःलाच देतो. मधुमेह असेल तर खाऱ्या शंकरपाळ्या भाजाव्यात, काम तेच होतं.

याची मर्यादाही मोठी आहे. आयरिश कादंबरीकार मॅरियन कीज यांना तीव्र नैराश्याने गाठलं तेव्हा त्या केक करू लागल्या, आणि 2012 मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. केकने आजार बरा होतो असा दावा त्यांनी केला नाही. कठीण दिवस ढकलायला त्याची मदत झाली, इतकंच त्यांचं म्हणणं. तेवढंच खरं मानावं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं होत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टरच लागतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी हल्ली घराबाहेर दिसत नसेल, ‘करमत नाही’ एवढंच म्हणून गप्प होत असेल, तर ‘काय झालंय?’ असं खोदून विचारू नका. ‘उद्या नानकटाई करतेय, मला हाताशी कुणी हवंय, येशील का?’ असं विचारा. पहिल्यांदा नाही म्हणतील. चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर नुसता पत्ता देऊ नका, बरोबर जा.