ताटं उचलणारा नाटककार

१९२५ साल. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात एक काळा तरुण टेबलावरची खरकटी ताटं उचलत असे. एके दिवशी व्हॅचेल लिंडसे हे नामवंत कवी तिथे जेवायला आले. तरुणाने आपल्या तीन कविता हळूच त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या. त्याच रात्री लिंडसेंनी त्या भरसभेत वाचून दाखवल्या. तो तरुण म्हणजे लँग्स्टन ह्यूज!

पुढे ह्यूज नाटके लिहू लागले. गोरा जमीनदार बाप आणि काळ्या आईच्या पोटी जन्मलेला त्याचा मुलगा यांच्या संघर्षावरचे ‘मुलॅटो’ १९३५ साली ब्रॉडवेवर आले. ३७३ प्रयोग झाले. पण ब्रॉडवेचे तिकीट गरिबाला कुठून परवडणार? म्हणून १९३८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतच ‘हार्लेम सूटकेस थिएटर’ काढले. नेपथ्य जवळजवळ नाहीच. तिकीट अवघे ३५ सेंट.

हैतीच्या गुलामांच्या बंडावरील ‘ट्रबल्ड आयलंड’ या संगीतिकेची संहिता मुख्यतः त्यांचीच. संगीत विल्यम ग्रँट स्टिल यांचे. १९४९ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने ती रंगमंचावर आणली. काळ्या संगीतकाराची संगीतिका एवढ्या मोठ्या संस्थेने करण्याची ती पहिलीच वेळ. पण बंडाच्या नेत्याची भूमिका पहिल्या प्रयोगात केली ती एका गोऱ्या गायकाने, तोंडाला रंग फासून! कथा काळ्यांची, शब्द काळ्याचे, सूर काळ्याचे. मानाची जागा मात्र गोऱ्याची.

ह्यूज खचले नाहीत. १९६१ साली त्यांचे ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ हे गीतनाट्य आले, तेव्हा रंगमंचावर सगळे काळेच कलावंत होते. १९६७ साली ह्यूज गेले. तोवर त्यांच्या माणसांनी आपली जागा घेतली होती.