पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका

तालुक्याच्या कचेरीतून दुपारी परतलेले आजोबा छत्री कोपऱ्यात उभी करतात, तांब्याभर पाणी मागतात आणि घरच्यांनी विचारल्यावर एवढेच म्हणतात, “साहेब बैठकीला गेले होते. सोमवारी यायला सांगितलंय.” ही त्यांची चौथी खेप. त्या रात्री त्यांना झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी रक्तदाब मोजावा, तर तो चढलेला. गोळी चुकली का, म्हणून सूनबाई डबी उघडून पाहतात. गोळी वेळेवर घेतलेली असते.

वाचकहो, हे आजोबा कोणा एकाच घरचे नाहीत. निवृत्तिवेतनाची थकबाकी, श्रावणबाळ योजनेचा अर्ज, सातबाऱ्यावरील वारसनोंद, पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार. काम कोणतेही असो, हे दृश्य आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. रखडलेल्या कामाचा भार मनावर असतो, पण तो वाहावा लागतो शरीराला. उन्हातली रांग, टळलेले जेवण, जिना चढताना लागलेली धाप आणि या सर्वांहून जड अशी ‘आपले कोणी ऐकत नाही’ ही भावना. या भावनेवर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही. शासनाला जाब विचारण्याची जी साधने कायद्याने आपल्या हाती दिली आहेत, ती नीट ठाऊक असणे हा मात्र तिच्यावरचा एक चांगला उतारा आहे. म्हणून आज आहार-व्यायामाऐवजी कागद, तारीख आणि शिक्का यांविषयी थोडे बोलू.

मेहेरबानी नव्हे, हक्क

‘सरकारशी कोण भांडणार?’ असे आपण सहज म्हणून जातो. डी. एस. नाकरा या १९७२ साली निवृत्त झालेल्या केंद्रीय अधिकाऱ्याने तसे म्हटले नाही. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून शासनाने निवृत्तिवेतनाचे सुधारित सूत्र लागू केले. त्या तारखेपूर्वी निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. नाकरा, सैन्यदलातील एक निवृत्त सहकारी आणि ‘कॉमन कॉज’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निर्णय दिला. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे आणि केवळ एका तारखेच्या आधारे वृद्धांमध्ये दुजाभाव करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही आपला दिवस म्हणून पाळतात.

आपले काम एवढे मोठे नसेल. एखाद्या दाखल्याचे असेल. परंतु तत्त्व तेच. कचेरीच्या खिडकीसमोर आपण उभे असतो, ते याचक म्हणून नव्हे. हे मनाशी पक्के झाले, की आवाज चढवावा लागत नाही आणि खाली मानही घालावी लागत नाही.

काम किती दिवसांत व्हायला हवे?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. त्याखाली अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरावीक दिवसांत देणे संबंधित कार्यालयावर बंधनकारक आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. आत शिरताच प्रथम तो फलक वाचा. चष्मा नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अर्ज दिला, की त्याची पोच घ्या. तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि तारीख हवी. आवक विभागात अर्ज देत असाल, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि सही घ्या. मुदत मोजायला आरंभ होतो तो कागदपत्रांसह पूर्ण असलेला अर्ज पोहोचल्याच्या दिवसापासून. म्हणून काय कमी आहे, हे तेथेच विचारून घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ हे उत्तर कितीही गोड आवाजात आले, तरी ते पोच नव्हे. पोच नसलेला अर्ज दिला होता, हे पुढे सिद्ध कसे करणार?

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत त्याच विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. तेथे समाधान झाले नाही, तर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. अर्ज नाकारायचा असेल, तर कारणे लेखी द्यावी लागतात. सबळ कारणावाचून सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरात संगणक वा मोबाइल हाताळणारे कोणी असेल, तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अनेक अर्ज घरबसल्या करता येतात आणि तेथे पोच आपोआप मिळते.

कोणी पैसे मागितले तर? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. ‘एवढ्यासाठी कुठे तक्रार’ म्हणून पाकीट उघडू नका.

अर्ज कोठे अडला, ते विचारा

पोच हाती आहे, मुदत गेली आहे आणि तरीही उत्तर नाही. अशा वेळी माहितीचा अधिकार कामी येतो. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेच्या गरीब कष्टकऱ्यांनी १९९६ साली ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरले, ते गावात झालेल्या खर्चाची कागदपत्रे पाहू द्या, एवढ्या साध्या मागणीसाठी. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. मजुरीच्या कामावर घाम गाळणाऱ्या माणसांनी मिळवलेले हे साधन आपण वापरले नाही, तर ते गंजेल.

अर्जाला १० रुपये शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना तेही नाही. माहिती का हवी, हे सांगण्याची गरज नाही. हात थरथरतो, लिहिता येत नाही, तर तोंडी सांगितलेली विनंती लेखी स्वरूपात आणण्यास जन माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असे कायदाच म्हणतो. उत्तर साधारणतः ३० दिवसांत, आणि प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत मिळाले पाहिजे.

प्रश्न मात्र नेमका हवा. ‘माझे काम का होत नाही?’ असे लिहिले, तर उत्तर टाळणे सोपे जाते. त्याऐवजी असे लिहा: ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. हा अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, याची माहिती द्यावी.’ असा अर्ज गेला, की रखडलेला कागद पुष्कळदा उत्तराआधीच हलतो.

उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगांकडे प्रकरणे तुंबलेली असतात, हे खरे. तेव्हा निकालाकडे डोळे लावून बसू नका. तारीख वहीत लिहा आणि आपल्या दिनक्रमाला लागा.

पोलीस ठाण्याची पायरी

पोलीस ठाण्यात जाण्याचे भय अनेक ज्येष्ठांना वाटते. पण ठाण्याचीही आपल्याप्रती काही कर्तव्ये ठरलेली आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालील नियमांनुसार हद्दीतील वृद्धांची, विशेषतः एकट्याने राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, अशी अपेक्षा आहे. आपले नाव त्या यादीत आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. चोरी, फसवणूक, गंभीर मारहाण असा दखलपात्र गुन्हा घडला असेल, तर प्रथम खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला, तरीही. तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली, तर हकिकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना, शहर असेल तर पोलीस उपायुक्तांना, टपालाने पाठवा; त्यानेही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा अदखलपात्र असेल, तर निदान त्या नोंदीची प्रत घेऊनच या. तपास कोठवर आला, हे तक्रारदाराला ९० दिवसांत कळवणे हेही आता पोलिसांचे काम आहे. आणि साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग वा तीव्र आजार असलेली व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जबाब घेण्यास पोलिसांनी घरी यायचे असते.

हे नियम ठाऊक असण्याचा आणखी एक लाभ. गणवेशातला माणूस मोबाइलच्या पडद्यावर येऊन ‘तुम्हाला अटक झाली आहे, कोणाला सांगू नका, पैसे पाठवा’ म्हणू लागला, तर तो भामटा आहे हे आपण तत्काळ ओळखाल. व्हिडिओवर अटक होत नसते. फोन ठेवा, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर कळवा.

न्यायाच्या दारात

पोटची मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बोलीभाषेत प्रांतांकडे, अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली निघावा, असे बंधन आहे. ‘मला सांभाळावे’ या अटीवर घर लिहून दिले आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेण्याची वाटही तेथे आहे. मात्र ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असणे सर्वांत सुरक्षित. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर विचारा. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. इतर अनेकांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. चालू दाव्यात वयाचा व आजारपणाचा पुरावा जोडून लवकर सुनावणीची विनंती करता येते. कोणाकडे जावे हेच सुचत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

घरच्यांसाठी चार शब्द

आजी-आजोबांची सेवा करणाऱ्यांनो, ‘जाऊ द्या हो, कशाला डोक्याला त्रास’ हे वाक्य आपण मायेने बोलता. ऐकणाऱ्याला मात्र आपली बाजू संपल्यासारखे वाटते. त्याऐवजी एक फाइल करून द्या. तिच्यात पोच, अर्जाची प्रत, पुढची तारीख आणि कोणाशी काय बोलणे झाले त्याची नोंद असू द्या. मूळ कागद घरीच राहावेत, बाहेर झेरॉक्स जावी. कचेरीत जायचे तर न्याहारी आणि औषधे झाल्यावर, पाण्याची बाटली घेऊन, सोबत कोणीतरी असताना. एका दिवशी एकच काम. चक्कर, छातीत दुखणे, धाप यांपैकी काहीही जाणवले, तर रांग सोडून थेट डॉक्टरांकडे.

सही मात्र त्यांची त्यांना करू द्या. अर्ज त्यांचा, प्रश्न त्यांचा, हक्क त्यांचा. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याशीही सौजन्याने बोला. पुष्कळदा तोही तीन जणांचे काम एकट्याने ओढत असतो. नाव विचारावे, आभार मानावेत आणि मुदतीची तारीख पुन्हा एकदा विचारून घ्यावी.

सोमवारी आजोबा पाचव्यांदा निघतील. तेव्हा त्यांच्या पिशवीत अर्जाच्या दोन प्रती असू द्या, एक द्यायला आणि एक शिक्का मारून परत आणायला. काम त्या दिवशी होईलच असे नाही. पण संध्याकाळी पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्याजवळ दाखवायला एक तारीख असेल, आणि ती उलटली तर पुढे कोणाकडे जायचे, हेही त्यांना ठाऊक असेल. त्या रात्री त्यांना जरा बरी झोप लागेल.