मोटारीचा ताप

मनुष्याच्या शरीराची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असली म्हणजे आपण त्यास निरोगी समजतों. तींत दोन अंशांची भर पडली कीं डॉक्टरांस बोलावितों. मोटारीच्या इंजिनासहि अशीच एक स्वाभाविक उष्णता असते. ती किती, हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ लोक धडधाकट गाडीस आजारी समजतात, आणि दुसरे कित्येक खरोखर तापलेली गाडी तशीच पुढें हांकीत राहतात. वैशाखाच्या दुपारीं मानपाड्याच्या नाक्यावर कल्याण-शीळ रस्त्याची रांग खोळंबली, कीं हे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात.

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानानें एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो, व उरलेला इंजिनाच्या धातूंत शिरतो. तो काढून नेण्यासाठीं इंजिनाच्या पोकळींतून पाणी खेळविलेलें असतें. पंप तें पाणी पुढच्या रेडिएटरांत ढकलतो, तेथें वारा लागून तें निवतें व परत येतें. मात्र इंजिन थंड असतांना पाणी रेडिएटराकडे गेलेलें चालत नाहीं. म्हणून वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. तिच्या पोटांत मेण असतें. तें साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळून फुगतें व झडप उघडतें. किती साधी युक्ति ही!

आजकालच्या बहुतेक मोटारींत पाण्याची उष्णता ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असणें हें प्रकृति ठीक असल्याचें लक्षण होय. विद्यार्थी विचारतील, पाणी तर १०० अंशांस उकळतें, मग १०५ अंशांस तें शांत कसें राहतें? याचें उत्तर घरोघरच्या प्रेशर कुकरांत आहे. रेडिएटराचें झाकण आंतला दाब बाहेरच्या हवेहून सुमारें एक वातावरण अधिक राखतें, आणि तेवढ्या दाबाखालीं पाणी १२० अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाहीं. त्यांत ग्लायकॉलयुक्त कूलंट मिसळलें कीं ही मर्यादा आणखी वर सरकते. याउलट माळशेज घाटाच्या माथ्यावर, सुमारें ७०० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यांतील पाणी १०० च्या दोन-तीन अंश खालींच उकळूं लागतें. म्हणून झाकणाचें रबर झिजून दाब टिकेनासा झाला, तर बाकी सर्व ठीक असूनहि घाटांत पाणी उसळतें. पुष्कळांचें लक्ष या अल्पमोली झाकणाकडे सर्वांत शेवटीं जातें.

आतां निदानाकडे वळूं. गाडी तापते एवढेंच मिस्त्रीस सांगून भागत नाहीं. ती केव्हां तापते हें सांगावें. रांगेंत उभी असतां कांटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर दोष बहुधा पंख्याचा. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच द्यावा लागतो. कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या टॅक्सी म्हणून मुंबईंत २०२३ सालापर्यंत धांवत होत्या. त्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन मंदावलें कीं पंखाहि मंदावे, म्हणून रांगेंत त्या लवकर तापत. हल्लींचा पंखा विजेचा असून पाणी तापलें कीं स्वतः सुरू होतो. परंतु त्याचा फ्यूज गेला तर चालकास चढत्या कांट्यावांचून दुसरी सूचना मिळत नाहीं.

याच्या उलट, रांगेंत ठीक पण मुरबाडच्या पुढें चढ लागतांच ताप, असें असेल तर पंख्यास दोष देऊं नये. तेथें रेडिएटर आंतून क्षारांनीं किंवा बाहेरून चिखलानें भरला आहे, अथवा पंप दुबळा झाला आहे, असें समजावें. गाडी सुरू केल्यावर कांहीं मिनिटांतच ताप चढला आणि रेडिएटराकडे जाणारा पाईप मात्र थंड, तर थर्मोस्टॅट बंदच राहिला असावा. पाणी रोज कमी होतें, पण जमिनीवर थेंब नाहीं, धूर पांढरा, तेलाची पट्टी दुधाळ, ही लक्षणें हेड गॅस्केट फुटल्याचीं. तेथें दिरंगाई नको. आणखी एक चमत्कारिक गोष्ट: पाणी अगदींच संपलें तर कांटा कधीं कधीं खालीं येतो, कारण उष्णता मोजणारें साधन पाण्याबाहेर पडतें. हें उतरणें बरें होण्याचें नव्हे.

कित्येक लहान गाड्यांत कांटाच नसतो. निळा दिवा इंजिन अजून थंड असल्याचें सांगतो, तांबडा धोक्याचें. तांबडा लागतांच गाडी सुरक्षित जागीं कडेला घेऊन इंजिन बंद करावें. कांटा नुसता चढूं लागला असेल, तर एअर कंडिशनर बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर लावावा. हीटर हा दुसरा लहान रेडिएटरच आहे. उन्हाळ्यांत हें क्लेशदायक खरें, पण वाकलेलें हेड बदलण्याच्या खर्चापुढें कांहींच नव्हे.

उतावीळपणें झाकण मात्र उघडूं नये. आंतलें ११० अंशांचें पाणी दाब सुटतांच क्षणांत वाफ होऊन तोंडावर व हातांवर उसळतें. आंतली वाफ जिरल्यावांचून कुकरचें झाकण ओढूं नये, हें मुलांस शिकविणाऱ्या घरांत हेंहि सांगितलें पाहिजे. निदान अर्धा-पाऊण तास थांबावें, झाकणास हात सुखानें लावतां येईल तेव्हांच जाड फडक्यानें तें हळू फिरवावें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचें भय असतें. अडचणीच्या वेळीं जें स्वच्छ पाणी मिळेल तें चालेल. बोअरिंगचें असल्यास त्याचे क्षार रेडिएटरांत बसतात, यास्तव गॅरेजांत पोंचल्यावर तें सर्व काढवून योग्य मिश्रण भरून घ्यावें.