आमची इस्टेट

मराठी घरात ‘इस्टेट’ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. कोणाचा वाडा, कोणाची बागायत, कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळणारा कोणाचा दावा, असे काहीतरी पुढे येणार अशी त्याची अटकळ असते. आमच्या घरी मात्र हा शब्द गेली वीस वर्षे एका मोटारीसाठी वापरला जातो. सुरतेच्या अडाजण भागात, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली उभी असते ती करड्या रंगाची, मागून पेटीसारखी लांबट दिसणारी गाडी, तीच आमची इस्टेट. दुसरी नाही. २०२५ च्या दिवाळीत तिच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि ठेवावी की काढावी यावरून घरात दोन तट पडले. वाटणीचे तंटे आम्ही आजवर दुसऱ्यांच्या घरचेच ऐकले होते!

या नावाचा उगम जमीनजुमल्यातच आहे, हे वाचकांना ऐकून मौज वाटेल. इंग्लंडात जमीनदारांच्या हवेलीवर पाहुणे आणि त्यांचे सामान वाहणारी मोटार ती ‘इस्टेट कार’. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका आणणारी ती ‘स्टेशन वॅगन’. छप्पर मागपर्यंत सपाट नेलेले, डिकी वेगळी नाही, मागे वर उघडणारा दरवाजा आणि मागचे बाक पाडले की एक लांबलचक सपाट जागा, असे तिचे रूप. आपल्याकडे अँबॅसडरची इस्टेट निघत असे. १९९२ साली टाटांची ‘इस्टेट’ याच नावाची मोटार आली. पुढे मारुतीची ‘बलेनो अल्टुरा’ आली, आपल्या गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यातून ओपेलची ‘कोर्सा स्विंग’ निघाली, आणि २००४ साली टाटांची ‘इंडिगो मरीना’ आली. ती पिंपरी-चिंचवडची. यांपैकी एकीचाही आपल्या देशात जम बसला नाही. मोटार घेणाऱ्याला मागे स्वतंत्र डिकीचा डौल हवा असतो. सपाट पाठीची गाडी माल वाहणाऱ्यांची, अशी समजूत. आम्ही २००५ च्या दिवाळीत मरीना घरी आणली तेव्हा शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, “मास्तर, आ तो ॲम्ब्युलन्स लाव्या!”

आम्हांस मात्र तीच हवी होती. आमचे वडील अमळनेर तालुक्यातून पोटासाठी सुरतेस आले. आम्ही येथेच वाढलो, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढे तशाच शाळेत शिकवले. पण शेताचा तुकडा, कुलदैवत आणि निम्मे गणगोत खानदेशातच राहिले. सुरतेतील हजारो मराठी घरांची हीच कथा आहे. ताप्ती लाईनच्या गाडीने किती सामान न्यायचे याला मर्यादा असते, आणि आपल्या माणसांना ती मर्यादा कधी समजत नाही. जाताना साड्यांचे गठ्ठे, लग्नाचे आहेर, चांदणी पडव्याच्या सुमारास घारीचे डबे. येताना दादरीची पोती, बाजरी, भरताची वांगी, कुरडयांचे पिंप. एकदा तर धाकट्या बहिणीचे शिवणयंत्र पायट्यासकट आले. बार्डोली, व्यारा, पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला डोंगरावर दिसतो ते सोनगड, मग नवापूर, कोंडाईबारीचा घाट, धुळे आणि अमळनेर; अडीचशे किलोमीटरांहून थोडा अधिक रस्ता. या रस्त्यावर त्या पाठीचा जो उपयोग झाला, तो तिच्याकडे पाहून हसणाऱ्यांनीही पुढे पुष्कळदा मागून घेतला.

गाडीला वर्षही पुरे झाले नव्हते तोच २००६ चा ऑगस्ट उजाडला. सुरतकराला तारीख सांगावी लागत नाही. ७ ऑगस्टला उकाईचे पाणी तापीत मावेनासे झाले आणि बहुतेक शहर बुडाले. अडाजणास तळमजले पाण्याखाली गेले; आम्ही सोसायटीच्या वरच्या मजल्यावरून आपल्या गाडीचे केवळ छप्पर पाहत तीन रात्री काढल्या. पाणी ओसरल्यावर पहिली ऊर्मी अशी की, चालू होते का ते पाहावे. आमचे मिस्त्री उधन्यास गॅरेज चालवतात, मूळचे नंदुरबारकडचे. त्यांचा निरोप माणसाकरवी आला, “गुरुजी, चावीला हात लावू नका.” त्या एका वाक्याने इंजिन वाचले. कारण साधे आहे. इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या हवा दाबतो, हवा दबते. तेथे पाणी शिरले असेल तर पाणी दबत नाही. चावी फिरवली की दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो. आणि विमा कंपन्यांचे म्हणणे असे असते की, पुराने झालेले नुकसान आम्ही देऊ, चावी फिरवून तुम्ही करून घेतलेले देणार नाही. यासाठी इंजिनाचे जोडसंरक्षण हल्ली थोड्या अधिक हप्त्यात मिळते. नदीकाठच्या वाचकांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी हे ठेवावे.

मिस्त्रींनी गाडी ओढून नेली, सर्व तेले काढली, बाके व गालिचे उन्हात घातले, तारांचा एकेक जोड सोडवून पुसला. डॅशबोर्डाखालचा इलेक्ट्रॉनिक मेंदू मात्र गेला. तो बदलताना त्या काळी आमचा सव्वा महिन्याचा पगार खर्ची पडला. आजही पहिल्या पावसात गाडीत तापीच्या गाळाचा वास येतो. आम्हांला येतो, मुलांना येत नाही.

अशा गाडीची निगा म्हणजे काही मोठे शास्त्र नव्हे, नेम आहे. सुरतेची हवा दमट, डुमसकडून खारा वारा. म्हणून पावसाळा सरला की गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवून घ्यायचे. दरवाज्यांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यास बारीक छिद्रे असतात. ती बुजली की पत्रा आतून सडतो. आम्ही दर दिवाळीस खराट्याची काडी घेऊन ती मोकळी करतो, आमच्या सौ. त्याला गाडीचे कान कोरणे म्हणतात. टायरची नक्षी शिल्लक दिसली तरी रबर म्हातारे होते, म्हणून सहा वर्षांनी बदलायचे. इंजिनाचे व चाकांचे सुटे भाग मिळण्यास अद्याप अडचण नाही, कारण याच घराण्यातल्या इंडिका-इंडिगो देशभर टॅक्सी म्हणून फार धावल्या. अडचण येते ती पाठीची. मागचा दरवाजा, त्याची काच, बाजूचे दिवे हे फक्त मरीनाचे, आणि मरीना किती विकल्या गेल्या? २०१८ साली उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवरून पडलेल्या फिरकीने मागची काच फुटली. अठरा दिवस आम्ही प्लॅस्टिक चिकटवून हिंडलो. शेवटी पुण्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे तशीच गाडी तोडायला आली असल्याचे कळले. भाच्याने ती काच रजईत गुंडाळून एस. टी.ने आणली. विरळ वस्तूची हौस करणाऱ्याने एवढे धरून चालावे.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यासाठी सिद्ध केलेल्या मोटारी २०२३ च्या सुमारास बाजारात येऊ लागल्या. आमची तर त्यांच्या आजीच्या वयाची. इथेनॉल जुन्या रबराला कठोर असते आणि हवेतील ओल ओढून घेते. आम्ही इंधनाच्या नळ्या व गॅसकिटे नव्या धर्तीची बसवून घेतली, टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करण्याचे सोडले. लिटरमागे बारा किलोमीटर मिळत, ते साडेअकरावर आले. “सी. एन. जी. का करीत नाही?” असे सुरतेत सगळेच विचारतात, येथे तो मुबलक आहे. पण त्याची टाकी मागच्या जागेत बसते. ज्या जागेसाठी गाडी घेतली तीच द्यायची, हा व्यवहार आम्हांस पटला नाही.

आता यंत्रांविषयी थोडे. गाडीत प्रथम कॅसेट वाजवणारा टेप बसवला होता. पुढे चकतीचा, आणि आता फोनशी बिनतारी बोलणारा आहे. त्याच्या अंगचे गुण थोरल्या नातीलाच ठाऊक. फोनवरील नकाशा उत्तम, परंतु तो घाटापूर्वी कधी शेतवाटेने जवळचा रस्ता दाखवतो, तेव्हा त्याचे ऐकू नये. सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे मागे लावलेला चिमुकला कॅमेरा. पाठीत छपरापर्यंत पोती भरली की आरशात पोतीच दिसतात. तो लावण्यापूर्वी आम्ही साडूच्या अंगणातले तुळशीवृंदावन तिरपे केले होते. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला, आणि टोलनाक्यावर सुट्या पैशांसाठी होणारी वादावादी संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा पास निघाला. राष्ट्रीय महामार्गांवर वरचेवर जाणाऱ्याला तो परवडतो. आम्ही वर्षाकाठी चार-पाच वेळा जातो, आमचे गणित त्यात बसत नाही.

येथवर गाडीची बाजू झाली. दुसरी बाजू आमच्या सूनबाईंनी मांडली, आणि ती खोडून काढणे आम्हांस साधले नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. नव्या मोटारींत चालकासाठी ती २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या बाकासाठी त्यानंतर. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या बाकावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तो आमच्याही नेहमीच्या वाटेचा रस्ता. “बाबा, तुमच्या गाडीत तर बाकामागे भिंतही नाही. ब्रेक लागला तर पोते पोरांच्या डोक्यात येईल,” असे त्या म्हणाल्या. खरेच आहे. डिकीच्या गाडीत सामान वेगळ्या कप्प्यात असते. इस्टेटीत माणसे आणि माल एकाच खोलीत. आम्ही पोती दोरखंडाने तळाच्या कड्यांना आवळतो, जड सामान बाकाला टेकवून खालीच ठेवतो, तरी धोका शून्य होत नाही. शिवाय गाडी अधिकृत केंद्रावर मोडीत दिली, तर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने केली आहे, हेही चिरंजिवांनी कागद काढून दाखवले.

आम्ही गप्प राहिलो. आमच्यापुढे २०१९ चा मार्गशीर्ष उभा होता. आईचे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती, बसता येत नव्हते, आणि तिने गावी जाण्याचा ध्यास घेतला होता. मागचे बाक पाडून गादी घातली, उशाशी आत्या बसली. हे नियमात बसत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. नवापूर ओलांडल्यावर “आता आपला मुलूख” असे ती मागून म्हणाली, आणि घाटात झोपली. गावी ती पुढे आठ महिने होती. शेजारच्या काकांचा शब्द खरा झाला होता. त्या सकाळी ती गादी उचलून ठेवायला तेच खाली आले होते.

अखेर तोड निघाली ती अशी: नातवंडे इस्टेटीतून महामार्गावर जाणार नाहीत, ती चिरंजिवांच्या नव्या गाडीतून जातील, सामान व आम्ही दोघे म्हातारे इस्टेटीतून, पट्टे लावून, दिवसाउजेडी. २०२० साली पुनर्नोंदणीस ६०० रुपये पडले होते. २०२२ च्या एप्रिलपासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीस १०,०००. आमची गाडी नेमकी विशीच्या उंबऱ्यावर. म्हणून दहाची तयारी ठेवूनच पालच्या आर. टी. ओ. कचेरीत गेलो. तपासणाऱ्या तरुण साहेबाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, वाकून चॅसिसचा आकडा जुळवला. मग मागचा दरवाजा उघडला, आणि तो हळूहळू त्याच्या डोक्यावर येऊ लागला. दरवाजा तोलणारे गॅसचे दांडे पुन्हा दमले होते. आम्ही घाईने पुढे होऊन वेळूची काठी लावली. ती गाडीत असतेच. साहेब हसला आणि त्याने कागदावर सही केली. कागद आता २०३० पर्यंत आहेत. दांड्यांची जोडी मिस्त्रींना सांगितली आहे. ती येईपर्यंत दादरीची पोती उतरवताना दरवाजा धरायला एक माणूस लागतो.