पिकाचा पैसा येण्यापूर्वीची बुद्धी व नंतरची बुद्धी

पेडगावच्या काळ्या जमिनीतील खातेदार भाद्रपद महिन्यात कोणत्या मनःस्थितीत असतो, हे त्यास दुसऱ्याने सांगावयास नको. कपाशी पात्या-फुलांवर आलेली असते, सोयाबीन शेंगेत भरत असते, सोसायटीचे किंवा सावकाराचे देणे डोक्यावर असते आणि घरात रोकड म्हणून काही नसते. नेमक्या याच दिवसांत दुकानदार देईल ते औषध उधारीवर उचलले जाते, उभ्या पिकावर महाग व्याजाची उचल घेतली जाते. पुढे मार्गशीर्षात कापसाचा पैसा हाती आला म्हणजे तोच गृहस्थ म्हणतो, ‘त्या वेळी मला हे सुचले कसे नाही?’

हा प्रश्न केवळ पारावरच्या गप्पांचा नव्हे. त्यावर पद्धतशीर प्रयोग झालेला आहे, आणि तोही शेतकऱ्यांवरच. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ या चौघा संशोधकांनी तामिळनाडूतील ५४ गावांत ४६४ ऊसउत्पादकांची परीक्षा घेतली व तिचा वृत्तांत सन २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ऊसच निवडण्याचे कारण उघड आहे. उसाचा पैसा वर्षातून एकदा, एकरकमी येतो. त्यामुळे एकच मनुष्य तोडणीपूर्वी ओढगस्तीत व तोडणीनंतर सुस्थितीत असा दोन अवस्थांत पाहावयास मिळतो. तोडणीपूर्वी शंभरांपैकी ७८ जणांनी काहीतरी गहाण टाकलेले होते. नंतर असे अवघे ४ उरले. कर्ज असणारे आधी शंभरांत ९९ होते, ते १३ वर आले.

परीक्षा दोन प्रकारची होती. पहिलीत आकृत्यांची एक मांडणी दाखवावयाची, तिचा एक तुकडा गाळलेला असावयाचा, आणि दिलेल्या तुकड्यांतून योग्य तो निवडावयाचा. गोधडीचा उसवलेला चौकोन नक्षी जुळेल अशा ठिगळाने भरावा, तसलाच हा प्रकार. दुसरी परीक्षा दिसावयास सोपी, पण फसवी. कागदावर ‘५ ५ ५’ असे लिहिलेले असते व विचारतात, आकडे किती? उत्तर ‘तीन’, परंतु जिभेवर ‘पाच’ येऊ पाहते. ते आवरण्यास मनाचा लगाम घट्ट लागतो. वाचकांनी घरच्या मुलांस असे पाच-सात कागद दाखवून पाहावे. मौज वाटेल व मुद्दाही ध्यानात येईल.

आकृत्यांच्या परीक्षेत तोडणीपूर्वी सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली, तर तोडणीनंतर ५.४५. आकड्यांच्या परीक्षेस आधी १४६ सेकंद लागत, नंतर १३१. चुकाही कमी झाल्या. माणूस तोच, शिक्षण तेच, शेत तेच.

येथे चौकस वाचक दोन शंका काढील, आणि त्या काढाव्यातच. पहिली अशी की, दुसऱ्या खेपेस परीक्षा सरावाची झाली असेल. यासाठी संशोधकांनी शंभर शेतकरी राखून ठेवले होते. त्यांची पहिलीच परीक्षा तोडणीनंतर घेतली, तरी त्यांचे गुण इतरांच्या तोडणीनंतरच्या गुणांसारखेच आले. दुसरी शंका ऋतूची. उन्हाचा वा सणावाराचा हा परिणाम नसेल कशावरून? तर कारखान्याच्या क्रमवारीमुळे तोडणी काही महिने लांबत जाते. एकाच पंधरवड्यात कोणाचा ऊस गेलेला असतो, तर कोणाचा उभा असतो. ऋतू सारखाच असल्याने तो दोष आपोआप वगळला जातो. संशोधन वाचताना निष्कर्षाच्या आधी ही तजवीज पाहावी. तीवरूनच कामाची प्रत कळते.

या प्रयोगाचा अर्थ ‘गरिबास बुद्धी कमी’ असा काढणे हा शुद्ध विपर्यास होय. बुद्धी कमी असती तर ती तोडणीनंतर परत कोठून आली? खरा अर्थ असा की, मनाचे लक्ष ही मोजकी वस्तू आहे. एकच बैलजोडी एकाच वेळी गाडीला व कोळप्याला जुंपता येत नाही. देण्याच्या काळजीने लक्ष अडवून ठेवले, की बाकीच्या कामास ते तितके कमी पडते.

तथापि एका प्रयोगास वेदवाक्य मानू नये. सन २०१६ मध्ये अमेरिकेतील अल्प उत्पन्नाच्या लोकांवर अशीच परीक्षा पगाराच्या दिवसापूर्वी व नंतर घेण्यात आली. त्यात बुद्धीच्या कामात असा फरक आढळला नाही. आमच्या मते पगाराची चणचण काही दिवसांची व सुगीची चणचण महिनोमहिन्यांची, हे त्याचे एक कारण असू शकेल. पण हा आमचा तर्क आहे, सिद्ध गोष्ट नव्हे.

व्यवहारात याचा उपयोग काय, हे पश्चिम केनियातील मक्याच्या शेतकऱ्यांवरून दिसते. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन यांचे ते संशोधन सन २०११ चे आहे. खत फायद्याचे असूनही तेथील शेतकरी ते घेत नसत. ऐन हंगामात हातचा पैसा संपलेला असे. तेव्हा पीक निघताच, मर्यादित मुदतीत खताचे पैसे भरणाऱ्यास वाहतूक खर्चाशिवाय घरपोच खत देण्याची सोय केली आणि खताचा वापर लक्षणीय वाढला. आमच्या सोसायट्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे. बियाण्या-खताची मागणी ज्येष्ठात न नोंदविता माल विकल्याच्या आठवड्यातच नोंदविण्यास काय हरकत आहे?

काळजी याहून खोल जाते तेव्हा काय, यावरील काम आपल्या शेजारीच, विदर्भात झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावच्याच लोकांना शिकवून तयार केले, बैठकी भरविल्या व गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी पूर्वी शंभरांत जेमतेम ४ जण उपचार घेत. दीड वर्षानंतर ते प्रमाण २७ झाले, असे सन २०१७ च्या वृत्तांतात नमूद आहे. झोप न लागणे, कामात मन न रमणे, अन्न गोड न लागणे यांस आपल्याकडे कोणी आजार म्हणत नाही. बैलाने वैरण सोडली तर मात्र आपण त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्याची वाट धरतो.

परभणीस सन १९७२ मध्ये कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यापासून बियाण्याचे, खताचे व किडीचे शास्त्र मराठीत पुष्कळ उतरले. शेत कसणाऱ्याच्या मनाचे शास्त्र अद्याप बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांतच पडून आहे.

एक छोटा प्रयोग घरच्या घरी करता येईल. खातेवहीत कोरे पान राखून भाद्रपदात घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय, म्हणजे कोणती उचल घेतली, कोणते औषध आणले, काय विकले व का, हे त्याच दिवशी लिहावे. मार्गशीर्षात व पौषात तसेच करावे. फलाफल कळल्यावर मागाहून लिहिलेली नोंद या कामास उपयोगी नाही, कारण आठवण आपल्या सोयीने बदलते. दोन-तीन वर्षांची पाने ज्या सभासदांजवळ जमतील त्यांनी ती, नाव न घालता, आमच्याकडे पाठवावी.